आंत्रजन्य मुतखडा

आंत्रजन्य मुतखडा म्हणजे आतड्याचा भाग शस्त्रक्रियेने काढल्यामुळे, वळवल्यामुळे किंवा दीर्घकालीन आजाराने निकामी झाल्यामुळे मूत्रपिंडात तयार होणारा खडा होय. हे खडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे, तर काही रुग्णांत यूरिक आम्लाचे असतात. मूळ दोष पचनसंस्थेत असून त्याचा परिणाम मूत्रसंस्थेत दिसतो. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा अनेक वर्षांनीही खडा होऊ शकतो. त्यामुळे दोन्ही आजारांतील संबंध रुग्णाच्या लक्षात येतोच असे नाही.

पार्श्वभूमी

लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला शेषांत्र किंवा इलियम म्हणतात. यकृतातून स्रवलेल्या पित्तक्षारांपैकी सुमारे ९५ टक्के क्षार येथे पुन्हा शोषले जातात आणि यकृताकडे परततात. स्निग्ध पदार्थांच्या पचनासाठी हे चक्र आवश्यक असते. भारतात आतड्यांच्या क्षयरोगाची बाधा शेषांत्र व मोठे आतडे यांच्या जोडावर विशेषत्वाने आढळते. क्षयामुळे मार्ग अरुंद होऊन अडथळा आल्यास किंवा आतड्यास छिद्र पडल्यास तेवढा भाग कापून काढावा लागतो. क्रोन्स विकार, आतड्याचा रक्तपुरवठा खंडित होणे, पीळ पडणे व कर्करोग ही अशा शस्त्रक्रियेची इतर कारणे होत.

खडा तयार होण्याची प्रक्रिया

पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, चहा इत्यादींतून ऑक्झलेट पोटात जाते. निरोगी माणसाच्या आतड्यात अन्नातील कॅल्शियम त्याच्याशी संयोग पावते. तयार झालेला संयुक्त पदार्थ अविद्राव्य असल्याने शौचावाटे निघून जातो. परिणामी आहारातील ऑक्झलेटचा अल्पच अंश रक्तात शोषला जातो.

शेषांत्राचा मोठा भाग, साधारणतः १०० सेंटिमीटरपेक्षा अधिक, काढला गेल्यास पित्तक्षारांची हानी यकृताला भरून काढता येत नाही. स्निग्ध पदार्थ अर्धवट पचतात आणि उरलेली मेदाम्ले कॅल्शियमशी संयोग पावून साबणासारखी संयुगे बनवतात. कॅल्शियम असे अडकून पडल्याने ऑक्झलेट मोकळे राहते व मोठ्या आतड्यातून रक्तात शिरते. तेथे पोहोचलेले पित्तक्षार व मेदाम्ले आतड्याच्या अस्तराची पारगम्यता वाढवून या शोषणास हातभार लावतात. रक्तातील ऑक्झलेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते व मूत्रातील कॅल्शियमशी संयोग पावून त्याचे स्फटिक बनतात.

मूत्रातील ऑक्झलेटचे प्रमाण २४ तासांत सामान्यतः ४० ते ४५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. या विकारात ते दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही वाढू शकते. जुलाबांमुळे मूत्र कमी व दाट होते. स्फटिकीकरणास अटकाव करणारे सायट्रेट व मॅग्नेशियमही त्यात घटते.

मोठ्या आतड्याचे महत्त्व

ऑक्झलेटचे हे जादा शोषण प्रामुख्याने मोठ्या आतड्यात होत असल्याने ते शाबूत व जोडलेले असणाऱ्या रुग्णांनाच हा धोका असतो. मोठे आतडे काढून लहान आतड्याचे तोंड पोटावर आणलेल्या रुग्णांत वेगळा प्रकार दिसतो. पोटावरील पिशवीतून पाणी, सोडियम व बायकार्बोनेट सतत वाहून जाते. मूत्र कमी व आम्लधर्मी होते आणि यूरिक आम्लाचे खडे बनतात. असे खडे साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाहीत.

इतिहास

लठ्ठपणावर उपाय म्हणून लहान आतड्याचा बराचसा भाग वगळणारी शस्त्रक्रिया अमेरिकेत १९५४ साली प्रथम नोंदवली गेली व पुढील दोन दशकांत अनेकांवर करण्यात आली. वजन घटले, मात्र कित्येक रुग्णांना वारंवार मुतखडे झाले आणि काहींची मूत्रपिंडे ऑक्झलेट साचून निकामी झाली. यकृताचे विकारही उद्भवल्याने ही पद्धत सोडून देण्यात आली. सध्या प्रचलित असलेल्या जठर-बायपास शस्त्रक्रियेनंतरही काही प्रमाणात हा धोका आढळतो.

प्रतिबंध व उपचार

खडा कॅल्शियमचा असल्याने दूध-दही बंद करावे, असा समज सर्वत्र आढळतो. आंत्रजन्य मुतखड्यात तो घातक ठरतो, कारण आहारातील कॅल्शियम घटल्यास ऑक्झलेट अधिकच मोकळे होते. म्हणून पुरेसे कॅल्शियम जेवणाबरोबरच घेण्यास सांगितले जाते. आवश्यक तेथे कॅल्शियम सायट्रेटच्या गोळ्या जेवतानाच दिल्या जातात. त्यासोबत स्निग्ध पदार्थ व ऑक्झलेट कमी करणे, दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर मूत्र होईल एवढे द्रव घेणे, पोटॅशियम सायट्रेट आणि पित्तक्षार बांधून ठेवणारी औषधे हे उपाय केले जातात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळाव्या लागतात, कारण शरीरात त्याचे अंशतः ऑक्झलेट बनते. पोटावर पिशवी असलेल्यांनी केवळ साधे पाणी भरपूर प्यायल्यास पिशवीतील स्राव वाढू शकतो. त्यांना मीठ-साखरयुक्त जलसंजीवनीची गरज भासते. उपचाराची दिशा २४ तासांच्या मूत्राच्या तपासणीवरून ठरते.

महाराष्ट्रातील आहार व हवामान

पालक, माठ, अळू व चुका या भाज्यांत ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असते. अळूची खाज त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. चिंच घातल्याने खाज कमी जाणवली, तरी ऑक्झलेट संपूर्ण नाहीसे होत नाही. भाजी उकळून पाणी टाकून दिल्यास विद्राव्य ऑक्झलेट घटते. जेवणासोबत ताक घेण्याची प्रथा येथे उपयुक्त ठरते, कारण लोणी काढलेल्या ताकात स्निग्धांश अल्प असतो आणि कॅल्शियम टिकून राहते.

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, डहाणू तालुक्यातील वाणगावसारख्या गावांत, हवा उष्ण व दमट असते. शेतात व वाडीत दिवसभर राबणाऱ्यांचे बरेच पाणी घामावाटे जाते आणि मूत्र दाट होते. आतडे कापलेल्या व्यक्तीच्या बाबतीत जुलाब व घाम अशी दुहेरी हानी होते. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झालेली असते आणि कळा मात्र वर्षांनंतर गावी सुरू होतात. अशा वेळी स्थानिक डॉक्टरला जुन्या शस्त्रक्रियेची माहिती असणे निर्णायक ठरते. आतड्याचा कोणता व किती भाग काढला आणि मोठे आतडे शिल्लक आहे की नाही, या नोंदी असलेला रुग्णालयाचा कागद यासाठी जपून ठेवावा लागतो.