हेरातची जडावाची बादली आणि ‘दरबारी कला’ ही संज्ञा

मध्ययुगीन इराणच्या धातुकामाचा उल्लेख आपल्याकडील कलेतिहासाच्या ग्रंथांतून बहुधा ‘दरबारी कला’ या सदराखाली केला जातो. पितळेच्या पात्रांवर सिंहासनाधिष्ठित राजा, मद्यपात्रे घेतलेले सेवक, वीणावादिनी आणि घोडदौड करणारे शिकारी दिसले, की ती पात्रे राजवाड्यासाठीच घडविली असावीत असे सहज गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका सुप्रसिद्ध पात्राच्या आधारे करावयाचा आहे.

हे पात्र म्हणजे लेनिनग्राडच्या, म्हणजेच आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, हर्मिटाज संग्रहालयातील कडीची बादली होय. पूर्वीच्या रशियन संग्राहकाच्या नावावरून ती ‘बॉब्रिन्स्की बादली’ म्हणून ओळखली जाते. सुमारे १८ सेंटिमीटर उंचीच्या या लहानशा ओतीव पात्रावर तांबे आणि रुपे यांचे जडावकाम आहे. जडावाची रीत समजण्यास आपल्याकडील बिदरी कामाचा दाखला उपयोगी पडेल. धातूच्या पृष्ठभागावर छिन्नीने खाचा पाडावयाच्या आणि त्यांत रुप्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवावयाचा, हे तत्त्व दोहोंत समान आहे. मात्र बिदरीचे पात्र जस्तप्रधान मिश्रधातूचे असून ते काळे केलेले असते. हेरातच्या कारागिरांनी पिवळ्या धातूवर तांब्याचा लाल व रुप्याचा पांढरा रंग खेळविला.

बादलीवर पाच आडवे पट्टे आहेत. त्यांपैकी तिहींत लेख असून दोहोंत चित्रे आहेत. एका चित्रपट्टीत मेजवानी, गायनवादन व सोंगट्यांचा खेळ आहे; दुसरीत घोडेस्वारांची शिकार व झुंज आहे. फारसी साहित्यात ‘बज्म’ व ‘रज्म’, म्हणजे मैफल व रणसंग्राम, ही राजजीवनाची दोन अंगे सदैव जोडीने येतात. तीच जोडी येथे धातूत उतरली आहे. लेखांपैकी काहींची अक्षरे तर सजीव झाली आहेत. त्यांच्या उभ्या दांड्यांना मानवी मस्तके फुटली आहेत. मजकूर मात्र साधा आहे: पात्राच्या मालकास वैभव, समृद्धी व सौख्य लाभो.

यथवर सर्व काही दरबारी वाटते. परंतु कडीवरील व काठावरील लेख वाचले म्हणजे चित्र पालटते. कडीवर हिजरी सन ५५९ चा मोहरम महिना, म्हणजे इ. स. ११६३ चा डिसेंबर, नोंदला आहे. काठावर ओतकाम करणारा मुहम्मद इब्न अब्दुल वाहिद आणि नक्षीकाम करणारा हेरातचा मसूद इब्न अहमद, अशी दोन कारागिरांची नावे आहेत. त्यावरून श्रमविभागणी स्पष्ट होते. आज्ञा देणारा अब्दुर्रहमान अर्‌रशीदी, आणि ज्याच्यासाठी पात्र झाले तो झंजानचा रशीदुद्दीन अझीझी. हा राजा नव्हे, अमीरही नव्हे; व्यापाऱ्यांचे भूषण आणि हज व दोन्ही पवित्र क्षेत्रांची शोभा अशी बिरुदे मिरविणारा तो एक व्यापारी होता.

काळाचाही विचार करावयास हवा. सेल्जुक सुलतान संजर ११५३ मध्ये गुझ्झ टोळ्यांच्या हाती सापडला आणि ११५७ मध्ये मरण पावला. घोरींनी हेरात घेतले ते ११७५ च्या सुमारास. म्हणजे खोरासानात राजसत्ता विस्कळीत असतानाच जडावकलेला बहर आला. संपूर्ण रुप्याच्या पात्रांऐवजी रुपे जडविलेली पितळेची पात्रे प्रचारात येण्यास त्या काळची रुप्याची टंचाई कारणीभूत झाली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. हे कारण मान्य केले तरी तेवढ्याने मागणीचा उलगडा होत नाही. मागणी करणारा वर्ग नागर, संपन्न आणि प्रतिष्ठेची आकांक्षा बाळगणारा होता, हे बादलीच्या लेखावरूनच दिसते. तिफ्लिस येथील ११८१-८२ ची झारी याच दिशेने बोट दाखविते. हेरातच्या महमूद इब्न मुहम्मदाने घडविलेल्या त्या झारीवरील फारसी पद्यात कोणा राजाची नव्हे, तर झारीचीच थोरवी गाइली आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, व्यापाऱ्याने दरबाराचे अनुकरण केले म्हणून मूळ प्रतिमा दरबारी ठरण्यात काय अडचण? अडचण नाही. राजाच्या शिकारीची प्रतिमा सासानी रौप्यपात्रांइतकी जुनी आहे. परंतु प्रतिमेचा उगम आणि पात्राचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी होत. व्यापाऱ्याने मैफलीची चित्रे घेतली, तद्वत् बिरुदांची भाषाही घेतली. दरबारी संस्कृती ही राजवाड्याची मिरास न राहता सुसंस्कृत जीवनाचा सर्वमान्य आदर्श बनली होती.

प्रत्यक्ष राजाश्रयाची पात्रे वेगळी ओळखू येतात. चौदाव्या शतकातील शीराझच्या इंजू घराण्याच्या पात्रांवर सत्ताधीशाच्या पदव्या असतात, आणि त्यांत ‘सुलेमानाच्या राज्याचा वारस’ ही खास फार्स प्रांताची पदवी आढळते. कारण तख्त-ए-जमशीदचे भग्नावशेष लोक सुलेमानाशी जोडीत. तेथे लेख विशिष्ट सत्तेची घोषणा करतो. हेरातच्या अनेक पात्रांवर मात्र केवळ ‘याच्या मालकास’ शुभेच्छा असतात. हा मालक कोणीही असू शकतो. असे पात्र बाजारात तयार ठेवून विकता येई.

तेव्हा ‘दरबारी कला’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. परंतु ती चित्रविषयापुरती वापरावी, आश्रयदात्याचा पुरावा म्हणून नव्हे. आश्रयदाता कोण हे चित्रावरून नव्हे, तर लेखावरून ठरवावे लागते. नक्षी पाहण्यापूर्वी काठ वाचावा, हाच या लहानशा बादलीने अभ्यासकास दिलेला धडा आहे.