गिरणीचा कोळसा आणि मुळशीचे पाणी

मुंबईच्या गिरण्या पूर्वी दगडी कोळशावर चालत. जळलेला कोळसा परत मिळत नाही. धूर मात्र गिरणगावावरच उतरे. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटावरच्या पावसाने गिरण्यांची यंत्रे फिरू लागली. पाऊस दरवर्षी येतो, म्हणून ही शक्ती न संपणारी. पण ती फुकट मिळाली असे समजू नका. मुळशीच्या धरणात मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे बुडणार, म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. 'सेनापती' हे नावही त्यांना याच लढ्याने दिले. धरण मात्र झालेच. १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झाले, आणि पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात उतरू लागले. ते आजही उतरते.