नुकसानभरपाईचा निवाडा कोणी करावा?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका आगगाडी कंपनीकडे फारवेल नावाचा इंजिनचालक नोकरीस होता. त्याचा रोज 2 डॉलर. 1837 मध्ये दुसऱ्या एका नोकराने रुळांचे सांधे चुकीचे लावले, इंजिन घसरले आणि फारवेलचा उजवा हात गेला. त्याने कंपनीवर फिर्याद केली. 1842 मध्ये मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी ती फेटाळली. सांधेवाला हा फारवेलचा सहकारी. सहकाऱ्याच्या चुकीबद्दल मालक जबाबदार नाही. आणि धोक्याचे मोल त्याच्या चढ्या पगारात आधीच धरलेले आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

पुढे जवळजवळ सत्तर वर्षे अमेरिकेतील जखमी मजुराची गाठ याच न्यायाशी पडत राहिली. मालकाच्या हाती तीन ढाली होत्या : चूक सहकाऱ्याची होती, थोडीफार चूक मजुराची स्वतःचीही होती, आणि धोका जाणूनच त्याने काम पत्करले होते. यांपैकी एक पुढे केली तरी फिर्याद निकालात निघे. क्वचित एखाद्याला भरपाई मिळाली, तर तीही वर्षानुवर्षे खटला चालल्यावर आणि वकिलाचा वाटा वजा जाता.

जर्मनीने 1884 मध्ये आणि इंग्लंडने 1897 मध्ये निराळा मार्ग काढला. अपघात कोणाच्या चुकीने झाला हे न विचारता भरपाई ठरावीक प्रमाणात द्यावयाची, असे त्या कायद्यांचे तत्त्व होते. अमेरिकेत हे तत्त्व रुजविणे सोपे नव्हते. न्यूयॉर्क राज्याने 1910 मध्ये केलेला कायदा तेथील श्रेष्ठ न्यायालयाने 24 मार्च 1911 रोजी रद्द ठरविला. दोष नसता मालकाकडून पैसे घेणे म्हणजे योग्य न्यायप्रक्रियेवाचून त्याची मालमत्ता हिरावणे होय, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. दुसऱ्याच दिवशी त्याच राज्यातील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यास आग लागून 146 जीव गेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या.

विस्कॉन्सिन राज्याने त्याच वर्षी अधिक सावध पाऊल टाकले. तेथील कायद्याने मालकावर सक्ती केली नाही. मात्र जो मालक योजनेबाहेर राहील त्याच्या जुन्या ढाली काढून घेतल्या. त्यामुळे हा कायदा त्या राज्याच्या श्रेष्ठ न्यायालयात 1911 मध्येच टिकला. पण कायदा झाला तरी निवाडा कोणी करावयाचा, हा प्रश्न उरतच होता. पुन्हा न्यायालयातच जावयाचे तर तीच दिरंगाई आणि तोच खर्च. म्हणून राज्याने औद्योगिक आयोग स्थापन केला व अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स हे त्याचे एक सदस्य झाले. या आयोगाकडे दोन कामे एकत्र आली : कारखान्यांतील सुरक्षिततेचे नियम करणे आणि अपघात घडल्यास भरपाई ठरविणे. ज्याला अपघाताची किंमत रोज दिसते, तोच तो टाळण्याचे उपायही नीट सुचवील, असा त्यामागील विचार होता.

1911 मध्ये जी कामे अशी एकत्र आली, ती पुढील शतकभरात हळूहळू अलग झाली. 1967 च्या फेररचनेत आयोग एका मोठ्या खात्यात विलीन झाला. 1977 मध्ये अपिलांसाठी स्वतंत्र पुनर्विलोकन आयोग निघाला. 1996 मध्ये खात्याचे नाव व रूप पुन्हा बदलले. शेवटी 2015 च्या अंदाजपत्रकी कायद्याने मूळ सुनावणीच कामगार खात्यातून काढली आणि 1 जानेवारी 2016 पासून ती प्रशासन खात्याशी जोडलेल्या सुनावणी व अपील विभागाकडे दिली. योजनेचा कारभार व विमा कंपन्यांवरील देखरेख मात्र जुन्याच खात्याकडे राहिली.

या बदलाला दोन बाजू आहेत. जे खाते योजना चालविते त्यानेच तंट्याचा निकाल देऊ नये, हे तत्त्व न्यायास धरून आहे. पण पाठीच्या मणक्याला झालेली दुखापत जुनी की कामातून उद्भवलेली, हे ओळखण्यास एकाच विषयाचा दीर्घ अनुभव लागतो. नाना प्रकारच्या सुनावण्या चालविणाऱ्या विभागात तो अनुभव टिकविणे कठीण असते.

इतर राज्यांनी आपापल्या वाटा शोधल्या. टेनेसी राज्यात असे तंटे सामान्य न्यायालयांत चालत. 2013 च्या कायद्याने ते 1 जुलै 2014 नंतरच्या अपघातांपुरते एका खास न्यायाधिकरणाकडे गेले. ओक्लाहोमाने त्याच वर्षी कायदा करून आपल्या खास न्यायालयाच्या जागी आयोग आणला.

आपल्या देशातही हा प्रश्न नवा नाही. 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1 जुलै 1924 रोजी अमलात आला, तेव्हा दिवाणी न्यायालये वगळून निवाडा आयुक्ताकडे सोपविला गेला आणि कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाकडे अपील ठेवले गेले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या या संहितेत आयुक्ताच्या ठिकाणी सक्षम प्राधिकारी आला आहे.

दारावरची पाटी बदलली म्हणून जखमी मजुराची गरज बदलत नाही. हात गेलेल्या माणसाच्या घरी पुढच्या आठवड्याचे धान्य भरावयाचे असते. निवाडा किती लवकर होतो, निवाडा करणाऱ्यास कारखान्यातील काम किती ठाऊक आहे आणि मालकाशी वा सरकारशी त्याचा लागाबांधा तर नाही ना, या तीनच कसोट्यांवर अशा प्रत्येक कायद्याची पारख करावी लागते. फारवेलला न्यायालय मिळाले होते. मिळाली नव्हती ती भरपाई.