गर्भ टिकवायच्या गोळ्या किती दिवस?

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "माझ्या जावेला चौथा महिना संपल्यावर डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. गोळी सुटली की गर्भही सुटेल का?" तिची भीती उगाच नाही. जावेचे आधी दोन गर्भ पडलेत.

या प्रश्नाच्या उत्तराला सत्तर वर्षं लागली. बीज सुटलं की अंडाशयात मागं एक पिवळी गाठ उरते. 1903 साली ब्रेस्लाऊ शहरात लुडविग फ्रेंकेल या डॉक्टरांनी दाखवलं, की गाभण सशिणीच्या या गाठी नष्ट केल्या तर गर्भ टिकत नाही. 1929 मध्ये अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन यांनी गाठीचा अर्क काढला. अंडाशय काढलेल्या सशिणींना तो टोचला, तर गर्भ टिकले! त्या अर्कातलं द्रव्य म्हणजेच प्रोजेस्टेरॉन.

पण बाईला ही गाठ किती दिवस लागते? 1970 नंतरच्या दोन-तीन वर्षांत आर्पाद चापो यांनी ते तपासलं. ज्या बायकांना गर्भ नकोच होता, त्यांच्या संमतीनं ही गाठ काढली. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही.) सातव्या आठवड्याआधी गाठ काढली तर गर्भ पडे, पण गाठीऐवजी प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिके. नवव्या आठवड्यानंतर मात्र गाठ काढूनही गर्भ राहिला. कारण तोवर आपली वारच प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजायचे.

2019 साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, दिवस गेल्यावर रक्त जाणाऱ्या चार हजारांवर बायका होत्या. त्यात औषध सोळाव्या आठवड्यापर्यंतच दिलं होतं. सगळ्यांना मिळून फारसा फरक पडला नाही. ज्यांचे आधी गर्भ पडले होते, त्यांना फायदा दिसला. तीन किंवा जास्त वेळा पडले होते त्यांना सर्वांत जास्त.

मात्र सगळ्यांची मुदत एक नाही. टेस्ट ट्यूब उपचारात कधीकधी पिवळी गाठ तयारच होत नाही. तिथं वार कामाला लागण्याआधी औषध सोडणं धोक्याचं. गर्भाशयाचं तोंड आखूड असेल तर औषध शेवटच्या महिन्यांपर्यंतही चालतं. म्हणून शेजारणीची गोळी बंद झाली म्हणून आपली बंद करू नये.

जावेचे सोळा आठवडे पुरे झालेत, रक्त जात नाही. वार केव्हाचीच कामाला लागली आहे.