पक्की टीप : अश्वहृदय आणि अक्षहृदय

रत्नागिरीत रेसकोर्स नाही. तेव्हा घोड्यांच्या शर्यतीवर इथे व्याख्यान कशाला, असं संयोजकांनी आम्हाला विचारलं, आणि ते बरोबरच होतं. आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, की महालक्ष्मीच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर ज्या गिरण्या होत्या, त्यांच्या साच्यांवर कोण उभं होतं? संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर. इथलीच माणसं. त्यामुळे मैदान मुंबईत असलं तरी त्याचा हिशेब कोकणातल्या घरांत लागत होता.

आधी थोडा इतिहास. मुंबईत इंग्रजांच्या शर्यती सुरू झाल्या त्या भायखळ्याला. घोडे बहुतेक अरबी. आखातातून जहाजाने यायचे आणि भेंडीबाजाराच्या बाजूला अरब व्यापाऱ्यांच्या तबेल्यांत विकले जायचे. पुण्यात लष्कराच्या जागेवर १८३० पासून मैदान होतं. महालक्ष्मीचं मैदान १८८३ मधलं. ज्याला आज रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब म्हणतात तो १९२५ मध्ये उभा राहिला, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने पैजांवर कर बसवणारा कायदा केला. हा योगायोग असेल, नसेल. पण पैजेत सरकारचा वाटा तेव्हापासून पक्का झाला. (इथे थिबा राजाचं नाव घेतलं नाही तर तुम्हाला व्याख्यान अपुरं वाटेल, म्हणून सांगतो. आपल्याकडे कैदी म्हणून येण्यापूर्वी मंडालेत त्याच्या कारकिर्दीत सरकारी लॉटरी चालत असे, तिजोरी भरण्यासाठी. राजा नवा, युक्ती जुनी.)

इंडियन डर्बी १९४३ पासून. फेब्रुवारीतला पहिला रविवार, चार वर्षांचे घोडे, अंतर २४०० मीटर. टोप्या, साड्या, फोटो यांचं वर्णन वर्तमानपत्रं करतात, ते आपण सोडून देऊ. आपला विषय त्या आठवड्यात माणसं एकमेकांच्या कानात जे सांगतात तो आहे. टीप. पक्की टीप. आतली टीप.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे टीप म्हटली की आम्हाला न्यायदर्शनातलं शब्दप्रमाण आठवतं. आप्ताचं वाक्य प्रमाण. आणि आप्त कोण? वात्स्यायनाने अट घातली आहे : ज्याला वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे, आणि जी जशी माहीत आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. दोन्ही पाहिजे, नुसतं ज्ञान पुरत नाही. आता पहाटे घोडा फिरवणारा मोतद्दार घ्या. घोड्याने दाणा टाकला, पुढच्या पायाला गरमी आहे, हे त्याला खरोखर माहीत असतं. त्याचं ज्ञान खोटं नाही. तो ते चहावाल्याला सांगतो, चहावाला टॅक्सीवाल्याला, टॅक्सीवाला गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आपल्या माणसाला. प्रत्येक पायरीवर ‘म्हणे’ गळतो आणि ‘नक्की’ चिकटतं.

पण खरी गोम याच्या पुढे आहे. अमक्या विहिरीला पाणी आहे, हे दहा जणांना सांगितलं म्हणून त्या माहितीची किंमत कमी होत नाही. टिपेची होते. कशी, ते पाहू. सोपे आकडे घेतो, प्रत्यक्षातले नव्हेत. शंभर माणसांनी दहा-दहा रुपये लावले, गल्ला हजार. कर आणि क्लबचा वाटा मिळून दोनशे गेले असं धरा. उरले आठशे. तुमच्या घोड्यावर दहाच जणांनी लावले असतील आणि तो आला, तर प्रत्येकी ऐंशी रुपये. टीप फुटली आणि चाळीस जणांनी लावले, तर वीस. ऐंशी जणांनी लावले, तर दहाचे दहा परत. घोडा तोच, त्याची धाव तीच, टीपही खरी ठरली, आणि मिळालं काय? बसचं भाडंसुद्धा नाही. मैदानावरचे बुकी असले तरी वेगळं होत नाही, पैसा आला की भाव पडतो. म्हणजे टीप खरी असली आणि सगळ्यांनी ऐकली, तरी ती निरुपयोगी. आणि कोणी फुकट वाटत फिरत असेल, तर वात्स्यायनाची दुसरी अट विचारावी : सांगण्यात याची इच्छा काय? गल्ला एकत्र करून वाटण्याची ही पद्धत १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने काढली. तिच्यात तुमची लढत घोड्याशी नसते, शेजारच्या नव्व्याण्णव जणांशी असते. रांगेत उभं असताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट हँडिकॅपची. डर्बीसारख्या मोठ्या शर्यतींत घोडे साधारण सारखं वजन घेऊन पळतात. पण रोजच्या पुष्कळ शर्यती हँडिकॅपच्या. जो घोडा चांगला, त्याच्या खोगिरात शिसं जास्त. जो मागे पडणारा, त्याला सूट. हे वजन ठरवणारा माणूस पगारी असतो, आणि सगळ्या घोड्यांनी एकदम रेघ ओलांडावी हे त्याचं ध्येय. म्हणजे तुम्ही रात्रभर पुस्तक उघडून घोड्याची आई, बाप, जॉकी, मागच्या पाच धावा बघून जो फरक शोधून काढता, तोच फरक पुसण्यासाठी तुमच्याहून जाणता एक माणूस तिथे बसवलेला आहे.

आता न्यायालयाकडे येऊ, कारण हा प्रश्न तिथपर्यंत गेला होता. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात, म्हणजे शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि नशीब यांत रेघ ओढली. पुढे तामिळनाडूने १९७४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींवरची पैज बंद करणारा कायदा केला, त्यावर वाद झाला, आणि १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात न्यायालय म्हणालं, की घोड्याची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. त्यावर पैज लावणं म्हणजे जुगार नव्हे. पैदास, तालीम, जॉकीचा हात, यांचा विचार करावा लागतो म्हणून. न्यायालयाचा आदर राखूनही आम्हाला वाटतं, की घोडा पळवण्यातलं कौशल्य पैज लावणाऱ्याच्या खात्यावर थोडं सहज जमा केलं गेलं. पांडू खाडे किंवा वसंत शिंदे यांचं कौशल्य लगामात होतं. दहा रुपयांचं तिकीट काढणाऱ्याचं कशात?

आणि कायद्याची एक गंमत त्याहून जुनी आहे. १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आणि १९१२ चा रेसकोर्स परवान्याचा कायदा दोन्ही मिळून असं ठरतं, की शर्यतीच्या दिवशी, मैदानाच्या राखून ठेवलेल्या आवारात लावलेली पैज कायदेशीर. तीच पैज, त्याच घोड्यावर, लालबागच्या खाणावळीत लावली तर गुन्हा. पाळी संपवून आलेल्या माणसाला आत जायला वेळही नव्हता आणि तिकिटाला पैसाही. तो गल्लीतल्या माणसाकडे लावायचा. मैदानावर जो शौक, तोच चाळीत गुन्हा.

तुम्हाला नलाख्यान आठवत असेल. वनपर्वात आहे. नळ घोड्यांचा जाणकार, अश्वहृदय त्याला ठाऊक. पण फाशांच्या खेळात राज्य घालवून बसलेला. ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन तो अयोध्येहून विदर्भात कुंडिनपुराला निघाला आहे. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण रथातून नुसती नजर टाकून सांगतो, या दोन फांद्यांवर २०९५ फळं आहेत. नळाला पटत नाही. उशीर होत असतानाही तो रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजतो. बरोबर तेवढीच निघतात. तेव्हा ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, म्हणजे फाशांचं आणि संख्येचं मर्म. बदल्यात अश्वहृदय घ्यायचं ठरतं. ते मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या आपल्या १९७५ च्या पुस्तकात या कथेची दखल घेतली आहे. आणि झाड बेहड्याचंच का? कारण प्राचीन काळी बेहड्याच्या बियाच फासे म्हणून वापरत. आपल्या रानात तो आजही उभा आहे. त्रिफळा चूर्णासाठी फळं गोळा करणाऱ्यांना विचारा.

कथेत आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की जगातला सर्वांत चांगला घोडेवाला जुगारात हरला, आणि घोड्यांबद्दल आणखी काही शिकून तो सावरला नाही. मोजायला शिकून सावरला. टीप घेणारा माणूस मात्र कायम अश्वहृदयाच्या मागे असतो.

आमचे एक चुलते परळच्या गिरणीत होते. गाववाल्यांच्या खोलीत वीस-बावीस जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. ते वारल्यावर ट्रंकेत तीन वह्या निघाल्या. अक्षर सुरेख. घोड्याचं नाव, वजन, जॉकी, कुणी टीप दिली, आणि जिंकल्याच्या ओळीखाली तांबडी पेन्सिल. कुठल्या मोतद्दाराची टीप खरी निघते, कुठल्याची नाही, यावर समासात शेरेसुद्धा. एखादा संशोधक घालेल इतकी मेहनत. पण तीन वह्यांत लावलेल्या पैशांची बेरीज एकाही पानावर नाही.

बेरीज काकूकडे होती. मनिऑर्डरीच्या पावत्या ती स्वयंपाकघरात तारेला टोचून ठेवायची, लिहिता-वाचता येत नव्हतं तरी क्रमाने. आम्ही वह्या आणि ती तार शेजारी ठेवून पाहिली. १९५८ ते १९६४. जून ते ऑक्टोबर पावत्या जवळजवळ सलग आहेत, कारण तेव्हा शर्यती पुण्याला आणि चुलते तिथल्या पैजा लावत नसत. नोव्हेंबरपासून मध्ये मध्ये महिने गळतात. फेब्रुवारीची पावती सात वर्षांत दोनदाच आहे.