वाडीचे मत

निवडणुकीचा निकाल लागला की पारावर पहिला प्रश्न निघतो, "आपल्या गावानं कुणाला दिलं?" प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर गावाला कळावे की कळू नये, याचा विचार आपल्याकडे पहिल्या निवडणुकीपासून चालत आला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोले आणि माळशिरस या दोन तालुक्यांकडे पाहिले म्हणजे तो चांगला उमगतो.

१९५२ साली मतदाराला शिक्का मारावा लागत नव्हता. आडोशाच्या आत प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे, तिच्यावर बैलजोडीसारखे चिन्ह चिकटवलेले असे. कोरी मतपत्रिका आवडत्या पेटीत टाकायची, झाले मत! अक्षरओळख नसलेल्या माणसाला हे सोपे पडले. मात्र एक पळवाट राहिली. कोरी मतपत्रिका पेटीत न टाकता खिशातून बाहेर आणता येई, आणि बाहेर आणलेली वस्तू विकताही येते. १९६२ सालापासून सगळी चिन्हे एकाच कागदावर आली, शिक्का आला, पेटी एक झाली. पुढे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची सोयही नियमांत झाली. कोणत्या गावाने कुणाला पाडले हे कळले, तर त्या गावावर राग निघेल, ही भीती त्यामागे होती. ती भीती पोकळ नव्हती. निवडणुकीच्या आदल्या रात्री बेलभंडारा उचलायला लावणारे गावपुढारी तुम्ही-आम्ही कुणी पाहिले नाहीत?

आता सांगोल्याकडे वळू. माणकाठचा हा तालुका पावसाने नेहमीच फसवलेला. १९६२ साली तेथून शेतकरी कामगार पक्षाचे वकील गणपतराव देशमुख विधानसभेत गेले. त्या वर्षी राज्यभर काँग्रेसची लाट होती, तरी इथे लाल बावटा लागला. २०१४ पर्यंत ते एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातर्फे अकरा वेळा निवडून आले. पक्ष राज्यात आटत गेला, सांगोल्यात टिकला. याचे सोपे उत्तर लोक देतात, की तालुक्यात धनगर समाज मोठा आणि गणपतराव त्याच समाजाचे. हे उत्तर मला अपुरे वाटते. त्याच तालुक्याने त्यांना १९७२ साली पाडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत उभे केले. १९९५ साली पुन्हा पाडले, तेही अवघ्या १९२ मतांनी. जात काही दोन वर्षांत बदलत नाही. दुष्काळ, पाण्याची मागणी, सूतगिरणी, एस.टी.ने येणारा-जाणारा आमदार, या साऱ्यांचा हिशेब मतदार मनात मांडत होता, आणि कधी कधी तो हिशेब उलटाही लागत होता.

१९२ मते म्हणजे किती, बरं? एखादी वाडी. २०१९ साली गणपतरावांचे नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले. म्हणजे तीन-चार वाड्या. पुढे २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा परत मिळवली.

तर वाडीचे वजन एवढे मोठे. कागदी मतपत्रिका ढिगात मिसळल्या की एखाद्या वाडीचे मत वेगळे काढता येत नसे. २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रे आली आणि हा पडदा उठला. यंत्र प्रत्येक केंद्राचे वेगळे. निकालानंतर केंद्रवार तक्ता प्रसिद्ध होतो, आणि हजार-बाराशे मतदारांच्या केंद्राचे आकडे कुणालाही वाचता येतात. पुढारी तो तक्ता जपून ठेवतात. टँकर कुठे आधी जायचा, रस्ता कुठल्या वस्तीचा व्हायचा, हे ठरवताना तो तक्ता कुणाला आठवणारच नाही, असे छातीठोक कोण सांगेल?

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत २०२४ साली जे घडले, त्याचे मूळ याच तक्त्यात आहे. मतदारसंघात उत्तम जानकर निवडून आले. गावात मात्र त्यांना ८४३ आणि भाजपचे राम सातपुते यांना १००३ मते दिसली. गावातल्या जानकर समर्थकांना हे पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने परवानगी नाकारली, जमावबंदी लावली, आणि मतदान झाले नाही. पुढे दोन्ही बाजूंचे नेते गावात सभा घेऊन गेले. यंत्राचा वाद मी इथे सोडवीत नाही. मला त्या हजार जणांची आठवण होते. फेरमतदान झाले असते, तर रांगेला कोण आले आणि कोण घरी बसले, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसलेच असते. नोव्हेंबरात गुप्त राहिलेले मत डिसेंबरात चावडीवर आले असते.

अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण आहे. निवडणूक आयोगाने ते सुचवले, विधी आयोगाने २०१५ साली त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र त्याला मान्यता दिली नाही. आणि गुरुजी, वर्गात हा विषय काढलात तर मुलांना हेही सांगा, की ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदार काही शेच असतात. तिथे कसलेही उपकरण आणले, तरी कुणाच्या भावकीने कुणाला दिले, याचा अंदाज सांजेपर्यंत पारावर लागतोच.