चार लिटरची गोष्ट

कोलोनोस्कोपी करून आलेल्या कुणालाही विचारा. तपासणीबद्दल ते फारसं बोलणार नाहीत, कारण गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असतं. सांगतील ते आदल्या रात्रीबद्दल: लिटरच्या लिटर खारट औषध आणि संडासच्या फेऱ्या. या तपासणीचा अर्धा इतिहास त्या औषधातच आहे.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास घालून मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला मांसल कोंब, पोट न फाडता काढला. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. पण मोठ्या आतड्याचे बहुतांश कॅन्सर अशाच कोंबातून, साधारण दहा वर्षांत, तयार होतात. म्हणजे कॅन्सर नुसता लवकर सापडणार नव्हता, होण्याआधीच टळणार होता.

अट एकच, आतडं लख्ख हवं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन पटतं: डेटा घाण असेल तर अल्गोरिदम कितीही भारी असो, उपयोग शून्य.

आतडं साफ करायचं कसं? सुरुवातीला दोन-तीन दिवस पातळ आहार, वर एरंडेल आणि एनिमा. म्हातारी माणसं गळून जायची. मग नाकातल्या नळीतून भरपूर मिठाचं पाणी सोडून पाहिलं. ते अंगात शोषलं जायचं आणि हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्यांना धोका व्हायचा. मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थाने आतडं छान साफ व्हायचं, पण आतड्यातले जिवाणू ती आंबवून हायड्रोजन तयार करायचे. पॉलिप कापताना तारेतून वीज सोडतात. असा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद १९७९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

१९८० मध्ये डॅलसच्या जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी उत्तर शोधलं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल शरीरात जवळजवळ शोषलं जात नाही, जिवाणूही ते आंबवत नाहीत. सोबत क्षार असे मोजून घातले की आतड्याने पाणी घ्यायचंही नाही आणि द्यायचंही नाही. त्यासाठी क्लोराइड कमी करून सल्फेट वाढवलं. या क्षारांमुळेच ते औषध प्यायला नकोसं लागतं. ज्या चवीला सगळे नावं ठेवतात, ती सुरक्षिततेची किंमत आहे.

आता हे औषध बहुधा दोन भागांत देतात, अर्धं आदल्या रात्री आणि अर्धं तपासणीच्या काही तास आधी. रात्रीत लहान आतड्यातून उतरलेला पित्ताचा चिकट थर दुसऱ्या भागाने धुतला जातो. नाहीतर त्याखाली चपटे पॉलिप लपतात. म्हणून ‘एवढं पुरे’ म्हणत शेवटचा ग्लास ओतून देऊ नये.

अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिशीतच तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे. आपल्याकडे सरकारी कॅन्सर तपासणीचा भर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखावर आहे. आतड्याची दखल आपणच घ्यायची. ‘ब्लॅक पँथर’चा चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच कॅन्सरने गेला, वय ४३. आपल्या घरांत शौचातून रक्त दिसलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून विषय बंद होतो. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं असतं. घरात आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल, तर तपासणी कधी सुरू करायची हे पन्नाशीची वाट न बघता विचारून घ्या.

त्या रात्री संडासच्या दहा फेऱ्या होतील. होऊ द्या.